आजीची मोगलाई

आजीचं माहेर भीमाशंकरच्या अंगाला, सासर घोडेगावजवळ. मंचरच्या बाजारात कुणी काटा मारताना दिसला की तिचा हात कमरेवर जायचा. "मोगलाई लागून गेलीय का रं?" एस.टी.त रुमाल टाकून कुणी तीन जागा अडवल्या तरी हेच. मी तिच्या ताटातली कुरडई पळवली तरीही हेच.

ही मुळात शिवी नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. पेशव्यांची ती पेशवाई, तसा मोगलांचा अंमल आणि मुलूख म्हणजे मोगलाई. 'मोगल' हे 'मंगोल'चंच फारसी वळण. गंमत म्हणजे बाबराच्या घराण्याला मिरवायचा होता तैमूरचा वारसा. म्हणून ते स्वतःला गुरकानी म्हणवत. पुढे 1724 मध्ये निजाम दिल्लीला जवळजवळ झुगारून हैदराबादचा धनी झाला, तरी मराठी माणसानं त्याच्या राज्याला मोगलाईच म्हटलं. नगरकडची लेक गोदावरीपल्याड दिली की ती 'मोगलाईत दिली'. हैदराबाद 1948 मध्ये भारतात आलं, तेव्हा कुठे नकाशावरची मोगलाई संपली.

जिभेवरची राहिली. का, ते मला जुन्नरात उमगतं. मलिक अहमदनं 1490 मध्ये इथूनच निजामशाही उभी केली; हैदराबादच्या निजामाची नव्हे, ही वेगळी. ती 1636 मध्ये बुडाली आणि जुन्नर, शिवनेरी मोगलांकडे गेले. शिवरायांची माणसं 1657 मध्ये रात्री दोर लावून जुन्नरच्या तटावर चढली, रोकड आणि घोडे घेऊन गेली. पण 1630 मध्ये ज्या गडावर त्यांचा जन्म झाला, तो शिवनेरी हयातभर त्यांच्या हाती आला नाही. रायगडावर 1674 मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हाही इथं मोगलाईच होती.

गडावर एक कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला. धरून आणलेल्यांची मुंडकी तिथं उडवली, असं सांगतात. आम्ही महादेव कोळीच. आजीला मी एकदाच वर नेलं. "हितंच व्हय?" एवढं विचारून तिनं चपला काढल्या आणि बराच वेळ उन्हात उभी राहिली.

खाली रसवाल्यानं ग्लासामागे पाच रुपये जास्त सांगितले. आजीचा हात कमरेवर गेला.