डॉक्टरांची शाळा

सुट्टीत प्रशिक्षणाला या, असे पत्र आले की शिक्षकांच्या खोलीत काय बोलणे होते, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच अधिक ठाऊक. हजेरीपटावर सही, उद्घाटन, चहा, व्याख्यान, जेवण, जेवणानंतरचे व्याख्यान (या वेळी मागच्या रांगा डुलू लागतात) आणि शेवटी प्रमाणपत्र. शाळा सुरू झाल्यावर वर्गात नेमके काय बदलले, हे विचारायला सहसा कोणी येत नाही.

डॉक्टरांनाही अशा शाळेत बसावे लागते. तिचे नाव निरंतर वैद्यकीय शिक्षण. डॉक्टरमंडळी बोलताना नुसते 'सीएमई' म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार डॉक्टराने दर पाच वर्षांत निदान ३० तास अशा शिक्षणाला द्यायचे असतात. ही परिषद २०२० मध्ये जाऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले; त्यांतही आकडा तीसच होता. महाराष्ट्रात तर डॉक्टराच्या नोंदणीचे नूतनीकरणच या आकड्याला बांधलेले आहे. पाच वर्षांत ३० श्रेयांक जमवा, मग नोंदणी पुढे चालू. श्रेयांक अर्थातच कोणत्याही सभेला मिळत नाहीत. त्यासाठी कार्यक्रमाला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची मान्यता लागते.

इतकी वर्षे रोगी तपासणाऱ्या माणसाला पुन्हा बाकावर कशाला बसवायचे? डॉक्टर अनुभवाने मुरतो, असे आपण सगळेच मानतो. या समजुतीची तपासणी २००५ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी केली. डॉक्टरांची सेवेची वर्षे आणि त्यांच्या उपचारांचा दर्जा यांची सांगड घालणारी ६२ मूल्यमापने त्यांनी एकत्र केली. त्यांपैकी ३२ मूल्यमापनांत जे जे मोजले होते ते सारे वर्षांगणिक घसरत गेलेले दिसले. हात मुरतो, पण डोक्यातले ज्ञान शिळे होत जाते. ते शिळे झाले आहे हे स्वतःचे स्वतःला कळत असते तरी बरे होते. पुढच्याच वर्षी डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून केलेली तपासणी यांच्या २० तुलना प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या १३ तुलनांत दोहोंचा मेळ फारच थोडा होता, मुळीच नव्हता किंवा चक्क उलटा होता. म्हणून 'तुम्हाला काय शिकायला आवडेल?' एवढाच प्रश्न विचारून अभ्यासक्रम ठरवता येत नाही.

मग श्रेयांक ठेवले की काम झाले का? तासांचा एक मोठा गुण असा की ते मोजता येतात. पण खुर्चीत किती वेळ बसले हे मोजून माणूस काय शिकला ते कळत नाही. टोरांटोच्या डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली या विषयावरील नियंत्रित चाचण्या तपासल्या. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात फरक पडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही; जिथे शिकणाऱ्यांनी स्वतः काही केले, तिथे तो मिळाला. दहा वर्षांनी कॉक्रेन संस्थेने ८१ चाचण्यांचा आढावा घेतला. अशा सभांमुळे योग्य कृतीचे प्रमाण सरासरीने सुमारे ६ टक्क्यांनी वाढते, म्हणजे शंभर प्रसंगांपैकी आणखी सहा प्रसंगी डॉक्टर जे करायला हवे ते करतो, असा त्याचा निष्कर्ष होता. गुंतागुंतीचे वर्तन बदलायचे असेल तेव्हा मात्र परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. आम्हाला हे सहा टक्के तुच्छ वाटत नाहीत. पण त्यासाठी डॉक्टरांचा अख्खा दिवस घेतला जातो आणि त्या दिवशी गावातले रोगी खोळंबलेले असतात.

हे सगळे आम्ही वाचले ते स्वतः तोंडावर आपटल्यानंतर. आमचे काम सापांच्या विषांतील प्रथिनांवर. आम्ही डॉक्टर नव्हे, पण विषय जवळचा, म्हणून एका तालुक्यातील डॉक्टरांच्या संघटनेने सर्पदंशावरचा श्रेयांकांचा एक दिवस आखायला आम्हाला बोलावले. विषय हलका नव्हता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली.

आम्ही सुरुवात कुठून केली? वक्त्यांपासून. कोण मिळेल, कोणत्या तारखेला मिळेल, कोण कशावर बोलेल. विषाच्या रेणूंची रंगीत चित्रे आम्ही हौसेने दाखवली. आधी एक प्रश्नपत्रिका, नंतर तीच प्रश्नपत्रिका. गुण छान वाढले. कौन्सिलचे निरीक्षक समाधानाने परतले. पावसाळा संपता संपता जिल्ह्याच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही सहज चौकशी केली. त्याच तालुक्यातून रोगी पूर्वीसारखेच येत होते. सोबतच्या चिठ्ठीवर 'सर्पदंश, पुढील उपचारांसाठी' एवढेच लिहिलेले आणि वाटेत प्रतिविषाची एकही कुपी दिलेली नाही. आणि हे प्रतिविष तर तालुक्याच्या कपाटात होते.

दुसऱ्या खेपेला आम्ही उलट्या टोकाने निघालो. त्या दिवसानंतर कोणी, कुठे, काय वेगळे करायचे आहे? उत्तर एका वाक्यात मावले: विषबाधेची लक्षणे असलेल्या रोग्याला पुढे पाठवण्याआधी तालुक्यातच प्रतिविष सुरू व्हावे. मग दुसरा प्रश्न, आज ते का होत नाही? हा प्रश्न सभागृहात बसून सुटत नाही, म्हणून आम्ही चार ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आलो.

तिथे जे दिसले ते समजायला थोडे विज्ञान लागेल. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठवणारे घटक खर्ची पाडते आणि मग रक्त गोठतच नाही. हे ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा कलती करायची. रक्त वाहिले तर विषबाधा आहे. यंत्र नको, वीज नको. मात्र नळी काचेचीच हवी. काचेचा पृष्ठभाग रक्तातील एका घटकाला जागे करतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकला हे नीट जमत नाही. साबणाने धुतलेल्या काचेवर राहिलेला अंशही घोटाळा करतो. मग निरोगी माणसाचे रक्तसुद्धा पातळ राहते आणि नको त्याला प्रतिविष दिले जाते.

ही चाचणी आमच्या व्याख्यानात होतीच. प्रश्नपत्रिकेतही होती आणि जवळपास सर्वांनी ती बरोबर लिहिली होती. आता आम्ही त्या दवाखान्यांत काचेची नळी मागितली. चारांपैकी एकाही ठिकाणी ती नव्हती! प्रयोगशाळेचा सगळा पुरवठा प्लास्टिकचा झाला होता. काही वर्षांपूर्वी शेवटची काचेची नळी फुटली आणि तिच्याबरोबर चाचणीही संपली. आम्ही दिवसभर ज्ञान वाटत होतो, आणि तिथे नळीच नव्हती.

दुसरी अडचण भीतीची. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. काही रोग्यांना त्याची तीव्र वावडी येते, रक्तदाब कोसळतो. त्यावरचा उपाय म्हणजे ॲड्रेनलीनचे इंजेक्शन मांडीच्या स्नायूत, तेही लगेच. हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. पण रात्री दोन वाजता एक डॉक्टर, एक परिचारिका आणि दाराबाहेर पन्नास माणसे असताना ते करून पाहिलेले फारच थोडे. एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला मोकळेपणाने सांगितले, की पुढे पाठवलेला रोगी वाटेत दगावला तर कोणी जाब विचारत नाही, पण इथे इंजेक्शन देताना दगावला तर दवाखाना फुटतो. या भीतीवर रेणूंची रंगीत चित्रे काय करणार?

माहीत असणे आणि करणे यांतली ही दरी आमच्याच तालुक्यातली नव्हे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात वैद्यकीय पदवी नसताना गावोगाव औषधे देणाऱ्या ३०४ जणांवर एक प्रयोग झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाला नऊ महिन्यांत ७२ सत्रांचे प्रशिक्षण दिले. नंतर दोन्ही गटांकडे शिकवून तयार केलेले 'खोटे रोगी' पाठवले, आपली तपासणी चालली आहे हे त्यांना कळू न देता. प्रशिक्षण घेतलेल्यांचे योग्य उपचारांचे प्रमाण खरोखर वाढले. पण अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके देणे जराही कमी झाले नाही. गोळ्या विकूनच त्यांचे पोट चालते, हे त्याचे एक कारण असावे असे आम्हाला वाटते. अज्ञान प्रशिक्षणाने जाते, अशी बाकीची कारणे जात नाहीत. म्हणून आखणी करणाऱ्याने आधी कारणांची वर्गवारी करायला हवी.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून दाखवले. गंभीर रोग्यांमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे अगदी थोड्या टक्क्यांवर आले. हे ज्ञान गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत गेले आणि तिथे रुजले. आमच्या मते त्याचे एक कारण असे की करायची गोष्ट लहान होती: स्वस्त, दुकानात आधीच मिळणारी, तोंडाने घ्यायची गोळी. तिथे ज्ञान हीच खरी उणीव होती, म्हणून ज्ञान पुरले.

आमचा दुसरा कार्यक्रम दिसायला गरीब होता. सभागृहाऐवजी ग्रामीण रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि वीसेक माणसे. आमच्यातल्याच एकाचे रक्त काढून तीन नळ्यांत भरले: नवी काच, साबणाने धुतलेली काच आणि प्लास्टिक. मध्ये वीस मिनिटे होती. तेवढ्यात एका खऱ्या रोग्याची हकिकत टप्प्याटप्प्याने सांगून प्रत्येक टप्प्यावर 'आता काय कराल?' असे विचारले. मग नळ्या कलत्या केल्या. नव्या काचेतले रक्त घट्ट बसले होते, प्लास्टिकमधले पाण्यासारखे हलले. मागे उभे असलेले सगळे पुढे सरकले. हे व्याख्यानात दहा वेळा सांगूनही झाले नसते. दुपारी वावडीचा प्रसंग उभा केला. घड्याळ लावले, एकाला रोगी म्हणून खाटेवर निजवले. पहिल्या फेरीत औषधाच्या कपाटाची किल्लीच सापडली नाही. चौथ्या फेरीत सुई वेळेत लागली.

इथे मान्यतेच्या व्यवस्थेशी आमची थोडी झटापट झाली. किल्ली परिचारिकेकडे असते, म्हणून परिचारिका हव्याच. पण डॉक्टरांचे श्रेयांक एका परिषदेचे आणि परिचारिकांचे दुसऱ्या. म्हणजे एकाच खोलीतल्या एकाच तासासाठी दोन अर्ज. अमेरिकेत डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या एकत्र शिक्षणाला एकच मान्यता देण्याची सोय २००९ पासून आहे. आपल्याकडेही ती व्हायला हवी. वॉर्डात ही माणसे वेगवेगळी काम करत नाहीत.

पैशाचेही सांगायला हवे. अशा कार्यक्रमांचा खर्च पुष्कळदा औषध कंपन्या उचलत आल्या आहेत. कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यावर डिसेंबर २००९ मध्ये आचारनियमांतच बंदी आली. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनेही या कार्यक्रमांना चौकट घातली. आमचा त्रागा वेगळाच आहे. ज्या रोगावर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात त्यावरच्या कार्यक्रमाला पुरस्कर्ता मिळतो, सर्पदंशाला मिळत नाही. म्हणून विषयांची यादी करताना तालुक्यात माणसे कशाने मरतात ते आधी पाहावे. दार ठोठावत कोण आले आहे ते मागाहून.

त्या दिवशी आम्ही शेवटी प्रश्नपत्रिका घेतली नाही. दीड महिन्याने प्रत्येकाला एका रोग्याची हकिकत पाठवून उत्तर मागवले. मधे अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे तुम्हाला सांगायला नको. आणि दवाखान्यांच्या सर्पदंश नोंदवहीत दोन रकाने वाढवून घेतले: 'नळी कलती केली तेव्हा रक्त कसे होते' आणि 'दवाखान्यात आल्यापासून पहिली कुपी किती वेळाने सुरू झाली'. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या वह्या पाहिल्या. दोन ठिकाणी रकाने नेमाने भरलेले होते, वेळाही मिनिटांत लिहिलेल्या. एका ठिकाणी मधूनमधून भरलेले. चौथ्या ठिकाणचे डॉक्टर बदलून गेले होते, वही तशीच कोरी. नव्या डॉक्टरांना कपाटातले प्रतिविष कुठे आहे हेही कोणी सांगितलेले नव्हते. आता बदली झाली की महिन्याभरात तिथे एक फेरी मारायची, असे आमच्या वेळापत्रकात घातले आहे. त्या फेरीला श्रेयांक मिळत नाहीत.

काचेच्या नळ्यांचे मात्र लवकर जमले. सरकारी पुरवठ्याच्या यादीत त्या येईपर्यंत थांबायला नको, म्हणून आम्ही शाळांना प्रयोगशाळेचे सामान पुरवणाऱ्या दुकानातूनच एक खोका आणला. पुढे एका मुख्याध्यापकांनी, त्यांच्या शाळेतल्या परीक्षानळ्या धुऊन पुसून देऊ का, असे आपुलकीने विचारले. आम्ही त्यांना नको म्हटले आणि कारण सांगितले. त्यांनी तोच प्रयोग नववीच्या वर्गात करायचे ठरवले आहे. रक्ताऐवजी काय वापरावे, हे आम्ही अजून शोधतो आहोत.