लेसर कटर आणि त्याचें धुराडें

हस्तव्यवसायाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरीं पूर्वीं करवत, रंधा व पटाशी हीं हत्यारें दिसत. आतां त्यांच्या जोडीस एक नवें हत्यार येऊन बसूं लागलें आहे. त्यास धार नाहीं, पातें नाहीं, आणि तें लांकडास स्पर्शही करीत नाहीं. तरी तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून तें नाजूक जाळीची नक्षी कांहीं मिनिटांत कापून काढतें. हें हत्यार म्हणजे लेसर कटर होय. आकाशकंदील, घड्याळाची तबकडी, भूमितीच्या आकृत्या, विज्ञान-प्रदर्शनांतील प्रतिकृती अशा किती तरी वस्तू त्यावर करतां येतात, आणि म्हणून पुष्कळ विद्यार्थी वडीलमंडळींपाशीं त्याचा हट्ट धरूं लागले आहेत. हें यंत्र विकत आणणें सोपें आहे. तें घरांत नीट नांदविणें मात्र विचाराचें काम आहे. त्या विचारास थोडें साहाय्य व्हावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. आल्बर्ट आईन्स्टाईन यांनीं १९१७ सालीं असें दाखविलें कीं, उत्तेजित अणूवर योग्य जातीचा प्रकाश पडला असतां तो अणू अगदीं तशाच जातीचा आणखी प्रकाश बाहेर टाकूं शकतो. ह्या तत्त्वावर पहिला लेसर थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं माणकाच्या कांडीपासून सिद्ध केला. परंतु लांकूड कापणाऱ्या लेसरचा इतिहास आम्हांस याहून जवळचा आहे. कार्बन डायऑक्साईड वायूचा लेसर १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ज्यांनीं निर्माण केला, ते डॉ. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामती येथें झाला होता, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं १९५८ सालीं पुण्यास संपादन केली होती.

हौशी लोकांच्या यंत्रांत सामान्यतः ४० वॅट शक्तीची एक कांचेची नळी असते. तिच्यांत कार्बन डायऑक्साईड, नायट्रोजन व हेलियम यांचें मिश्रण भरलेलें असतें. हजारों व्होल्ट दाबाची वीज त्यांतून खेळविली म्हणजे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण बाहेर पडतो. तीन आरसे त्यास वळवितात, एक भिंग त्यास टांचणीच्या टोंकाएवढ्या बिंदूवर एकवटतें, आणि त्या बिंदूखालचें लांकूड क्षणार्धांत वाफ व धूर होऊन उडून जातें.

येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. करवतीनें लांकूड कापलें तर भुसा जमिनीवर पडतो व केरसुणीनें झाडतां येतो. लेसरनें कापलें तर तोच भुसा धूर होऊन हवेंत मिसळतो. त्या धुरांत अतिसूक्ष्म काजळी असते, कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि प्लायवूड व एम. डी. एफ. यांच्या सरसांतून निघणारा फॉर्मॅल्डिहाईडसारखा डोळे व घसा चुरचुरविणारा वायूही असतो. हा केर झाडणारी केरसुणी म्हणजे धुराडें. आणि ज्या घरीं धुराड्याची सोय होणार नाहीं, त्या घरीं हें यंत्र आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां कोणी म्हणेल, धूर बाहेर गेला म्हणजे झालें. पंख्याचा आवाज थोडा सोसावा. परंतु अनुभव निराळा आहे. स्वस्त यंत्राबरोबर येणारा पंखा लहान असतो व फार वेगानें फिरून कर्कश ओरडतो. घरांत आजी निजलेली असते, धाकटा भाऊ अभ्यास करीत असतो, शेजारी तक्रार करतात. आणि मग, ‘पांचच मिनिटांचें काम आहे,’ असें म्हणून कारागीर पंखाच बंद करतो. धूर खोलींत कोंडतो तो अशा वेळीं. म्हणून शांतता ही येथें चैन नसून संरक्षणाचाच एक भाग आहे. ज्या पंख्याचा त्रास होत नाहीं, तो बंद करण्याचा मोह कोणास होत नाहीं.

धुराडें शांत करण्याचें पहिलें सूत्र पंख्याच्या जागेसंबंधीं आहे. पंखा यंत्रापाशीं न बसवितां नळाच्या दुसऱ्या टोंकास, खिडकीपाशीं किंवा आच्छादित सज्ज्यांत बसवावा. यानें आवाज कामाच्या जागेपासून दूर जातो. परंतु याहूनही मोठा लाभ दुसराच आहे. भोंक पडलेल्या नळींतून फुंकलें तर वारा भोंकांतून बाहेर निसटतो; तीच नळी तोंडानें ओढली तर बाहेरची हवा भोंकांतून आंत येते. तद्वत् पंखा यंत्रापाशीं असला तर घरांतील सर्व नळ दाबाखालीं राहतो व प्रत्येक सांध्यांतून धूर खोलींत गळतो. पंखा बाहेरच्या टोंकास असला तर सांधा सैल असूनही धूर बाहेर येत नाहीं, उलट खोलींतील हवाच आंत ओढली जाते. पंख्यापलीकडे जो थोडा नळ उरतो, त्याचे सांधे मात्र धातूच्या चिकटपट्टीनें पक्के बंद करावे.

दुसरें सूत्र नळाच्या व्यासाचें आहे, व तें गणिताच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. समजा, आपणांस तासास २०० घनमीटर हवा ओढावयाची आहे. नळ १०० मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्यांतून हवा सेकंदास सुमारें ७ मीटर वेगानें धांवते. तोच नळ १५० मिलिमीटरचा घेतला तर क्षेत्रफळ सवादोन पट होतें, आणि वेग सुमारें ३ मीटरवर येतो. हवा तितकीच, परंतु घाई निम्म्याहून कमी. नळांतील सळसळ ही वेगवान हवेच्या भोंवऱ्यांची असते. वेग उतरला म्हणजे ती झपाट्यानें उतरते. याच कारणास्तव नळ आंतून गुळगुळीत असावा. सुरकुत्या असलेला लवचीक नळ हवेस अडवितो व शीळ घालतो. तो फक्त जोडापुरता, हातभर वापरावा. बाकीचा नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा घ्यावा, कारण तो पेट घेत नाहीं. वळणें कमी ठेवावीं, व जीं अटळ असतील तीं काटकोनी न करतां सावकाश वळवावीं.

तिसरें सूत्र पंख्याच्या निवडीचें. स्वयंपाकघराच्या भिंतींत बसवितात तसा पात्यांचा साधा पंखा मोकळ्या हवेंत पुष्कळ वारा देतो. परंतु लांब नळाचा अडथळा समोर आला कीं त्याचा जोर सरतो. येथें नळाच्या मधोमध बसणारा इनलाईन जातीचा पंखा योग्य होय. तो गरजेहून एक आकार मोठा घ्यावा आणि मंद गतीनें चालवावा. एकाच पंख्याची गति निम्मी केली तर हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. आणि १० डेसिबलनें उतरलेला आवाजही कानास जवळ जवळ निम्मा भासतो. म्हणजे मोठा पंखा सावकाश चालविणें हें लहान पंखा पळविण्यापेक्षां सर्वस्वीं श्रेयस्कर. गति कमी करण्यासाठीं त्या पंख्याचाच नियामक वापरावा. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडल्यास कांहीं मोटारी गुणगुणूं लागतात व तापतात.

चौथें सूत्र कंपाचें. सतारीची तार एकटी फारशी वाजत नाहीं. तिला भोपळा मिळाला म्हणजे ती घुमते. पंखा खिडकीच्या तावदानावर किंवा पातळ फळीवर घट्ट ठोकला तर तें तावदान त्याचा भोपळा बनतें. म्हणून पंखा रबराच्या पट्ट्यांवर टांगावा किंवा रबरी बैठकीवर ठेवावा, आणि दोहों बाजूंस लवचीक नळाचे लहान तुकडे जोडावे. एवढ्यानेंही घरघर राहिली तर शब्दशोषक बसवावा. एका नळास बारीक छिद्रें पाडून, त्याभोंवतीं न जळणारी खनिज लोकर गुंडाळून, तो मोठ्या नळांत घातला कीं शब्दशोषक होतो. आवाज छिद्रांतून लोकरींत शिरतो व तेथेंच जिरतो. मात्र धुराची चिकट काजळी त्यांत सांचते व ती ज्वालाग्राही असते. सबब शब्दशोषक, नळ व पंख्याचीं पातीं वेळोवेळीं उघडून पुसलींच पाहिजेत.

पांचवी गोष्ट लहान दिसते, परंतु ती विसरल्यास बाकीचा सर्व खटाटोप व्यर्थ होतो. जितकी हवा बाहेर जाते तितकी कोठून तरी आंत आली पाहिजे. दारें-खिडक्या लावून घेतल्या तर पंखा गुदमरतो, ओरडतो, आणि धूर हालत नाहीं. म्हणून धुराड्याच्या विरुद्ध बाजूचें दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. यंत्राच्या पेटीसही समोरून हवा शिरण्यास फट असावी व ओढ मागून असावी, म्हणजे हवा कापण्याच्या जागेवरून वाहत जाऊन धूर आपल्याबरोबर नेईल.

नळाचें बाहेरचें तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा वाळत घातलेल्या कपड्यांकडे नसावें. आपल्या घरांतील केर दुसऱ्याच्या अंगणांत लोटणें जसें शोभत नाहीं, तसेंच हें. पावसाळ्याच्या दृष्टीनें तोंड खालीं वळवावें, कबुतरें घरटें करूं नयेत म्हणून त्यास जाळी लावावी, व वाऱ्याच्या उलट झोतानें धूर परतूं नये म्हणून एकाच बाजूस उघडणारी झडप बसवावी. ज्यांच्या घरीं नळ बाहेर काढण्यास जागाच नाहीं, ते गाळणीयंत्राचा विचार करतात. त्यांतील बारीक गाळणी काजळी अडविते व सक्रिय कोळसा पुष्कळसा दर्प शोषून घेतो. परंतु कार्बन मोनॉक्साईड त्यांत अडकत नाहीं, आणि कोळशाची शक्ति संपली कीं तो बदलावा लागतो. म्हणून गाळणी असली तरी खोली हवेशीर हवीच.

सर्व मांडणी झाल्यावर परीक्षा घरच्याच वस्तूनें करावी. लेसर बंद ठेवून फक्त पंखा चालू करावा, आणि पेटविलेली उदबत्ती यंत्राच्या झांकणाच्या कडेनें व प्रत्येक सांध्यापाशीं हळूहळू फिरवावी. धुराची रेघ सर्वत्र आंत वळली तर काम उत्तम झालें; कोठें बाहेर लोटली गेली किंवा घुटमळली तर ती जागा दुरुस्त करावी. काम संपल्यावरही पंखा दोन-तीन मिनिटें चालूं द्यावा व मगच झांकण उघडावें.

धुराडें कितीही चांगलें असलें तरी कांहीं पदार्थ यंत्राखालीं मुळींच ठेवूं नयेत. त्यांत पी. व्ही. सी. हें मुख्य होय. तें जळलें कीं हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो; तो फुप्फुसांस घातक आहे, व ओलाव्याशीं त्याचें आम्ल होऊन यंत्रही गंजतें. बाजारांतील पुष्कळ रेक्झिन पी. व्ही. सी.चेंच असतें, हें ध्यानांत ठेवावें. प्लॅस्टिक ओळखीचें नसेल तर वडिलांनीं मोकळ्या हवेंत तांब्याची तार तापवून त्यास लावावी व पुन्हा ज्योतींत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनचा संशय धरून तो पदार्थ वर्ज्य करावा. पुठ्ठा, कागद, साधें लांकूड व अ‍ॅक्रिलिक यांवर नवशिक्यानें हात बसवावा.

आग, डोळे, पाणी आणि वीज यांविषयीं चार शब्द अवश्य आहेत. यंत्र चालू असतां जागा सोडूं नये; पुठ्ठा केव्हां पेट घेईल याचा नेम नाहीं, म्हणून अग्निशामक हाताशीं असावा. झांकण उघडतांच किरण बंद करणारी कळ कधींही निकामी करूं नये. निळ्या प्रकाशाचीं लहान डायोड यंत्रें पुष्कळदां उघडींच मिळतात. तो प्रकाश थेट नेत्रपटलापर्यंत पोंचतो, म्हणून त्यांस पेटी करावी व त्याच जातीच्या प्रकाशाचा चष्मा वापरावा. एका लेसरचा चष्मा दुसऱ्यास चालत नाहीं. कांचेची नळी थंड ठेवणारें शुद्ध पाणी साधारण १५ ते २५ अंश असावें. विदर्भांत मे महिन्यांत टांकींतील पाणीच याहून ऊन असतें; तेव्हां तेथें शीतकयंत्र घ्यावें, अथवा बर्फाच्या बाटल्या पाण्यांत सोडून तपमापक पाहत राहावें. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेतल्याखेरीज यंत्रास वीज जोडूं नये.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, यंत्राचा खर्च ठरवितांना पंखा व नळ यांचा खर्च त्यांतच धरावा. यंत्र आज व धुराडें पुढें केव्हां तरी, असा क्रम ठेवूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचें सांगणें असें कीं, लेसर हातीं येण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घ्या, आपल्या खोलीची मापें काढा, नळाचा मार्ग आंखा, हवेचा वेग मांडून पाहा. हें गणित ज्यानें आधीं सोडविलें, त्याच्या यंत्राची शेजाऱ्यांस चाहूलही लागणार नाहीं. त्यांस दिसेल तो फक्त दिवाळींत त्याच्या दारावर लागलेला जाळीचा सुंदर कंदील.