पाठीचे दुखणे आणि दवाखान्याची पत

पेढीवर वाढलेल्या मुलांना 'पत' या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. गेल्या एक-दोन पिढ्यांत व्यापारी जैन कुटुंबांतील अनेक मुले-मुली वैद्यकीय, दंतवैद्यक आणि फिजिओथेरपी या शाखांकडे वळली आहेत. त्यांपैकी काही जण शिक्षण संपवून आपल्या तालुक्याच्या गावी परततात आणि वडिलांच्या दुकानाशेजारीच दवाखान्याची पाटी लावतात. व्यवहाराचे संस्कार त्यांना घरातूनच मिळालेले असतात. परंतु दुकान आणि दवाखाना यांत एक मोठा फरक आहे. ग्राहक माल हाताळून पाहतो, भाव करतो, पटले नाही तर पुढच्या दुकानात जातो. रुग्णाला यांपैकी काहीच करता येत नाही. वेदना त्याची असली तरी तिच्यावरील उपायाचे ज्ञान समोरच्याकडे असते. म्हणूनच दवाखान्यातील पत अधिक नाजूक असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हा झाडीपट्टीचा, भाताचा तालुका. येथील भात संशोधन केंद्र आणि परिसरातील राईस मिल यांमुळे हे नाव धानाशी जोडले गेले आहे. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर कमरेत वाकून चिखलाच्या बांधीत उभ्या असतात. उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपाने वेचताना तीच कंबर पुन्हा वाकते. मिलमधील हमाल पाठीवर पोती वाहतात आणि गादीवर बसणारा व्यापारी दिवसभर एकाच बैठकीत मान खाली घालून हिशेब पाहतो. श्रम वेगवेगळे, दुखणे मात्र एकच. जगभरात 2020 मध्ये सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी असल्याचा अंदाज आहे.

या दुखण्यावर गावोगावी हाडवैद्य होतेच. आता मोबाइलच्या पडद्यावर मान-पाठ 'कडकन' मोडून दाखविणाऱ्या कायरोप्रॅक्टिक उपचारांची भर पडली आहे. अमेरिकेत 1895 मध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केलेली ही पद्धती. त्या आवाजाने पाहणारा भारावतो; परंतु तो आवाज सरकलेले हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम आणि काही प्रमाणात मणक्यांवरील हस्तोपचार यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा व वजन लावून ओढ देणे यांची सरसकट शिफारस मात्र नाही. तेव्हा हस्तोपचार त्याज्य नाहीत. ते कोणावर करावेत, कोणावर करू नयेत आणि रुग्णाला काय सांगून करावेत, यावर सारे अवलंबून असते.

हे सिंदेवाहीसारख्या भागात विशेष महत्त्वाचे आहे. पाठदुखीबरोबर बारीक ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही तातडीने शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे पाठविण्याची लक्षणे आहेत. वृद्धेची हाडे ठिसूळ झालेली असतील तर जोराचा एक दाबही मणका मोडू शकतो. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो; त्यात हाडे असह्य दुखतात आणि खुब्याचे हाड झिजते. अशा रुग्णाला 'नस दबली आहे' असे सांगून दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले, तर त्याचे पैसे जातात आणि उपचाराची वेळही निघून जाते.

रुग्णाशी नाते कसे जोडावे याचा आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी तर्क लढविण्याऐवजी आदिवासींनाच विचारला. मिळालेली उत्तरे डोळे उघडणारी होती. दवाखान्यातील माणसे पांढरे कपडे घालतात आणि पांढरे कापड तर प्रेतावर घालतात. नातलगांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. आणि तेथे देव नाही. बंग दांपत्याने या उत्तरांना अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेले नाही. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये आदिवासी गावासारखा, नातलगांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे तेथे मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञांच्या मदतीने मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरेही भरू लागली. ज्ञानाला सौजन्याची जोड मिळाल्यावर विश्वास कसा वाढतो, याचे हे उदाहरण आहे.

भामरागडच्या बाजूला हेमलकसा येथे 1973 मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. अंगभर वस्त्र नसलेल्या रुग्णांसमोर आपला पोशाखही साधाच असावा, म्हणून डॉ. प्रकाश आमटे यांनी बनियन आणि अर्धी चड्डी स्वीकारली. प्रत्येक तरुण डॉक्टराने तेवढे करावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. परंतु 'रोवणीत किती दिवस होतीस, बाई?' एवढा प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारला तरी दुखण्याचे अर्धे कारण तेथेच कळते. 'महिनाभर झोपून राहा' हा सल्ला रोजमजुरी करणाऱ्या स्त्रीला पाळता येत नाही. आणि बहुतेक साध्या कंबरदुखीत तो आवश्यकही नसतो. थोडी हालचाल चालू ठेवणे, अधूनमधून सरळ उभे राहणे, सोपे व्यायाम नियमित करणे हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले तर ती ते करते.

अनेकान्ताची शिकवण दवाखान्यात अशी उपयोगी पडते. तपासणीचा अहवाल हे सत्याचे एक अंग आहे आणि रुग्णाचे सांगणे हे दुसरे. चाळिशी ओलांडलेल्या अनेक निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही चकतीची झीज दिसते. केवळ कागद दाखवून रुग्णाला घाबरविणे, ही वाणीची हिंसाच म्हणावी लागेल.

आता व्यवहाराचा भाग. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन देणे-घेणे निषिद्ध ठरविले आहे. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यास 72 तासांत द्याव्यात, असेही त्यात म्हटले आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी 2021 चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु कायदा फार तर तळरेषा आखून देतो. शुल्काचा फलक दर्शनी भागात लावणे, पावती न मागताही देणे, उपचारापूर्वी संमती घेणे, स्त्री-रुग्णाला तपासताना सोबत स्त्री असणे, 'एवढ्या दिवसांत फरक पडला नाही तर चंद्रपूरला वा नागपूरला दाखवा' असे पहिल्याच भेटीत सांगून तसे लिहून देणे, या साध्या सवयींवर पत उभी राहते. बरा झालेल्या रुग्णाला 'आता येण्याची गरज नाही' असे सांगणे हा अपरिग्रहाचा रोजचा पाठ आहे. त्या दिवशीचे उत्पन्न त्याने घटते. पण तोच रुग्ण पुढे घरच्या चौघांना विश्वासाने घेऊन येतो.

सहृदयतेलाही मर्यादेची गरज असते. रात्री-अपरात्री प्रत्येक फोनला उत्तर देणारा, जेवणाची वेळ न पाळणारा डॉक्टर काही वर्षांत चिडचिडा होतो आणि ती चीड सर्वांत गरीब रुग्णावर निघते. दवाखान्याच्या वेळा ठरविणे, आणीबाणी कोणती हे रुग्णांना समजावून सांगणे आणि स्वतःच्या पाठीची, झोपेची काळजी घेणे हा स्वार्थ नव्हे.

चार दानांमध्ये औषधदानाच्या जोडीला अभयदान सांगितलेले आहे आणि अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना आहे. समाजातील संस्था शिबिरे भरवितात, औषधे वाटतात. ते औषधदान झाले. चिखलातून आलेली, पदराच्या गाठीला मोजके पैसे बांधून आणलेली एखादी बाई दवाखान्याच्या पायरीवर बिचकली नाही, तिला रागावले गेले नाही, फसविले गेले नाही, तर तिला अभयदान मिळाले. ते देण्याची संधी तालुक्याच्या गावात पाटी लावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला रोज मिळते. मुलाला दवाखाना थाटून देताना वडील जागा, यंत्रे आणि कर्जाचे हप्ते यांचा हिशेब बारकाईने मांडतात. त्याच बैठकीत या गोष्टीही घरात बोलल्या जाव्यात.