घटनादुरुस्ती : आवश्यकता आणि अडसर

काळानुरूप बदल करता यावेत, पण ते सहजासहजी होऊ नयेत, असा दुहेरी हेतू भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६८ मागे आहे. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे विधानसभा मतदारसंघ हे त्याचे बोलके उदाहरण होय. जेनू कुरुब, काडू कुरुब आदी जमातींची वस्ती असलेला हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

विधिमंडळांतील हे आरक्षण मात्र मुदतबद्ध आहे. अनुच्छेद ३३४ मध्ये मूळ मुदत १० वर्षांची होती. ८, २३, ४५, ६२, ७९, ९५ आणि १०४ व्या घटनादुरुस्त्यांनी ती दर वेळी १० वर्षांनी वाढवली. सध्याची मुदत २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. त्यानंतर नवी दुरुस्ती न झाल्यास त्या वेळची विधानसभा विसर्जित होताच हे आरक्षण संपुष्टात येईल. अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नामनियुक्तीस २०२० मध्ये मुदतवाढ मिळाली नाही, हे येथे लक्षणीय आहे.

अशा दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन-तृतीयांश बहुमत लागते. संयुक्त बैठकीची सोय नाही. संसदेतील राज्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न असल्यास किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थनही आवश्यक ठरते. शिवाय केशवानंद भारती खटल्यातील १९७३ च्या निकालानुसार घटनेच्या मूलभूत संरचनेला धक्का लावता येत नाही.

याउलट, अनुसूचित जमातींच्या यादीतील बदल अनुच्छेद ३४२ नुसार संसदेच्या साध्या कायद्याने होतो. हा भेद अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा. दुर्बलांचे प्रतिनिधित्व व्यापक सहमतीवर उभे राहावे, हेच या कठोर प्रक्रियेचे प्रयोजन होय.