उरलेल्या अन्नापासून इंधन : डॉ. आनंद कर्वे यांचे घरगुती बायोगॅस संयंत्र

बायोगॅस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोठा, शेणकाला आणि अंगणातील मोठी टाकी उभी राहते. शहरातील कुटुंबाचा या इंधनाशी काही संबंध येईल, असे पूर्वी क्वचितच कोणास वाटले असेल. 2003 मध्ये पुण्याच्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, अर्थात ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी गच्चीवर वा परसात मावेल असे संयंत्र विकसित केले आणि ही समजूत बदलली.

डॉ. कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ; महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. त्यांनी टाकीच्या रचनेपेक्षा जिवाणूंच्या आहाराचा विचार आधी केला. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा. त्यातील सत्त्व तिच्या पोटातच संपलेले असते. मिथेन तयार करणारे जिवाणू गाईच्या पोटातही असतात. मग त्यांना चोथ्याऐवजी पिष्टमय अन्नच का देऊ नये? ‘आरती’च्या अनुभवानुसार 40 किलो शेणातून 40 दिवसांत मिळणारा मिथेन 2 किलो पिष्टमय पदार्थांतून एका दिवसात मिळतो. व्यापारी भाषेत सांगायचे तर मालसाठ्याची उलाढाल वाढली, म्हणून गोदाम लहान झाले.

संयंत्राची रचना साधी आहे. पाण्यासाठी बाजारात मिळतात तशा दोन प्लास्टिकच्या टाक्या घ्यावयाच्या. सुमारे 1,000 लिटरच्या टाकीत 750 लिटरची टाकी उपडी बसवावयाची. गॅस साठू लागला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. विरजणाप्रमाणे सुरुवातीस तेवढे शेण लागते. पुढे उरलेला भात-पोळी, गिरणीत सांडलेले पीठ, सडके फळ, खाण्यास निरुपयोगी बिया असे काहीही चालते. बाहेर पडणारे पाणी झाडांना घालता येते.

सुरुवातीच्या काळात संयंत्राचा खर्च सुमारे 10,000 रुपये होता. 2006 पर्यंत अशी सुमारे 700 संयंत्रे बसविली गेली आणि त्याच वर्षी संस्थेस लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी हाच पुरस्कार तिला 2002 मध्ये मिळाला होता.

पुरस्कार मिळाला तरी हे संयंत्र घरोघरी का पोहोचले नाही? कर्जप्रस्ताव तपासणाऱ्यास उत्तर आकडेमोडीत सापडते. वर दिलेला 2 किलोचा हिशेब कोरड्या पिठाचा आहे. शिजलेल्या भातात दोन तृतीयांशांहून अधिक पाणी असते, त्यामुळे 2 किलो भातातून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच गॅस मिळणार. म्हणजे रोज साधारण 180 ग्रॅम एलपीजीची बचत, 14.2 किलोचा एक सिलिंडर वाचण्यास अडीच महिने, वर्षाला चार-पाच सिलिंडर. 2006 मध्ये अनुदानित सिलिंडर 300 रुपयांच्या आसपास मिळत असताना गुंतवलेले 10,000 रुपये वसूल होण्यास सहा-सात वर्षे लागली असती. शिवाय चौघांच्या नेटक्या घरात रोज 2 किलो अन्न वाया जाते कोठे? (जात असेल तर त्या घरास संयंत्रापेक्षा अंदाजपत्रकाची गरज अधिक आहे.) आपल्याकडील अनुदानामुळे गॅस स्वस्त राहिला आणि एका चांगल्या शोधाची परतफेड लांबली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खाणावळ, वसतिगृह, उपाहारगृह किंवा पिठाची गिरणी येथे मात्र चित्र पालटते. कच्चा माल रोज आणि फुकट मिळतो, इंधनाचा खप मोठा असतो आणि कचरा उचलण्याचा खर्चही वाचतो. आज विनाअनुदानित सिलिंडरचा दर पाहता अशा ग्राहकांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. मात्र संयंत्रांच्याही किमती वाढल्या आहेत. त्यामुळे विक्रेत्याकडून टाकीच्या दरापेक्षा रोज किती किलो कोणता पदार्थ टाकल्यास किती वेळ शेगडी चालेल, हे लेखी घ्यावे.

संयंत्र घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात टाकी अन्नाने भरण्याचा मोह टाळणे अगत्याचे आहे. अन्न एकदम वाढविले तर आतील मिश्रण आंबते, आम्लता वाढते आणि मिथेन देणारे जिवाणू मंदावतात. आंबट वास येऊ लागताच काही दिवस अन्न टाकणे थांबवावे व नंतर थोडे-थोडे वाढवीत जावे. थंडीच्या दिवसांत गॅस कमी मिळतो, हेही गृहीत धरून एक भरलेला सिलिंडर घरात ठेवावा.