परक्याची यादवी आणि आपली फौज

शेजारच्या राज्यात यादवी पेटली आहे, माणसे मरत आहेत आणि आपल्यापाशी फौज आहे. ती तिकडे पाठवावी की नाही? यावरची चर्चा बहुधा दोन वाक्यांत संपते. एक जण म्हणतो, ‘मरताना बघत कसे बसायचे?’ दुसरा म्हणतो, ‘आपल्याला काय करायचे आहे?’ दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि म्हणूनच त्यांनी काही ठरत नाही. मी धंद्याने होमिओपॅथ, इतिहासकार नव्हे. पण या प्रश्नासाठी इंदूरकराला लिबिया-सीरियापर्यंत जावे लागत नाही. ज्यांच्या राजवाड्यावरून आपण रोज भाजी घेऊन परततो, त्या होळकरांच्याच घराण्यात याचे उत्तर शोधता येते.

सुरुवात बुंदीपासून करू. जयपूरच्या सवाई जयसिंहाने बुंदीच्या बुधसिंहाला गादीवरून काढून आपला माणूस बसवला होता. बुधसिंहाच्या राणीने मराठ्यांना साद घातली आणि मल्हाररावांना राखी बांधून भाऊ केले. 1734 साली मल्हारराव आणि राणोजी शिंदे यांनी बुंदी घेतली. फौज माघारी वळली आणि थोड्याच दिवसांत जयसिंहाने बुंदी पुन्हा ताब्यात घेतली. बाहेरच्या फौजेने बसवलेली गादी ती फौज तिथे असेतोवरच टिकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढचे प्रकरण मोठे आहे. 1743 साली जयसिंह वारला. थोरला मुलगा ईश्वरीसिंह गादीवर आला. पण 1708 साली उदयपूरच्या राजकन्येशी लग्न करताना जयसिंहाने कबूल केले होते, की तिच्या पोटी मुलगा झाला तर गादी त्यालाच मिळेल. तो मुलगा म्हणजे माधोसिंह. एकाकडे ज्येष्ठत्वाचा हक्क, दुसऱ्याकडे कराराचा. न्याय कुणाच्या बाजूला, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. जैनांचा अनेकांतवाद सांगतो त्याप्रमाणे दोघांचे म्हणणे आपापल्या अपेक्षेने खरे होते.

आता मराठ्यांनी काय केले ते पाहा. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, तर होळकरांचा माधोसिंहाकडे. कर्जाने बेजार झालेल्या पेशव्यांचे लक्ष दोन्हीकडून येणाऱ्या नजराण्यावर. म्हणजे परक्याच्या भांडणात आपण गेलो, ते आपलेच भांडण बरोबर घेऊन. 1747 साली राजमहालच्या लढाईत माधोसिंहाचा पक्ष हरला. 1748 च्या पावसाळ्यात बगरूला मल्हारराव स्वतः उतरले. ईश्वरीसिंहाला भावासाठी परगणे सोडावे लागले आणि बुंदीही उम्मेदसिंहाला द्यावी लागली. एवढ्यावर थांबता आले असते. पण कबूल केलेला पैसा येईना. 1750 च्या डिसेंबरात मल्हारराव पुन्हा जयपूरवर चालून आले, तेव्हा पैसा नाही, फौज नाही आणि विश्वासाचा मंत्री आपणच मारलेला, अशा अवस्थेत ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. मल्हाररावांनी माधोसिंहाला गादीवर बसवले. हस्तक्षेप शंभर टक्के यशस्वी!

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. जयाप्पा शिंदे येऊन पोहोचले होते, मागण्या वाढत चालल्या होत्या. 10 जानेवारी 1751 रोजी बरेच मराठे जयपूर शहर पाहायला, देवदर्शनाला, खरेदीला आत गेले. वेशीचे दरवाजे बंद झाले आणि शहरातल्या लोकांनी त्यांची कत्तल केली. हजाराहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. हे काम नुसते दरबाराचे नव्हते, शहराचे होते. ज्या रयतेला खंडणी भरून भरून घाम फुटला होता, तिचे होते. पुढे 1761 साली पानिपतावर माधोसिंह मदतीला आला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मांगरोळला त्याच्या फौजेशी लढायला उभे राहावे लागले ते कुणाला? मल्हाररावांनाच.

अर्धशतकानंतर हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह करून बसला. आमच्या यादवीत इंग्रज आपण होऊन घुसले नाहीत, त्यांना बोलावले गेले. आले ते बाजीरावाला गादी मिळवून द्यायला आणि 1818 साली ती गादीच उरली नाही. ‘पण त्यांनी बोलावले होते ना?’ हा युक्तिवाद कुणी केला की मला वसई आठवते. माझ्या दवाखान्यात रोग्याला घेऊन येणारा नातेवाईक पुष्कळ बोलतो. रोग्याचे म्हणणे मात्र निराळे काढून घ्यावे लागते. बोलावणारा राजा म्हणजे राज्य नव्हे.

स्वतंत्र भारतानेही हे भोगले. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. जायचे होते तमिळांच्या संरक्षणाला आणि शस्त्रे खाली ठेवून घ्यायला. ऑक्टोबरात त्याच तमिळ वाघांशी युद्ध जुंपले, ज्यांतल्या अनेकांना आपल्याच भूमीवर शिक्षण मिळाले होते. जाफन्यातल्या तमिळ घरांना आपला जवान परका झाला आणि सिंहली लोकांना तो आधीपासूनच परका होता. करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर एका सिंहली नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला होता, हे अनेकांना आठवत असेल. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी तिथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अकराशेहून अधिक जवान गेले. 1989 साली नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच निघून जा म्हटले आणि 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी परतली. त्यांच्या शौर्याबद्दल प्रश्न नाही. त्यांना कुणाविरुद्ध आणि कशासाठी लढायचे आहे, हे पाठवणाऱ्यांनीच ठरवले नव्हते.

मग कधीच जाऊ नये का? इथे 1971 आडवे येते आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जैन शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य. चाल करून येणाऱ्याला रोखताना घडते ती विरोधी, तिची त्याला मुभा आहे. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले, तेव्हा ती यादवी परक्याची राहिलीच नव्हती. शिवाय तिथला कौल मोजलेला होता: डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडच्या 162 पैकी 160 जागा जिंकल्या होत्या. माधोसिंह की ईश्वरीसिंह, असा तो घोळ नव्हता. 3 डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, 16 ला ढाका पडले. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की मार्च 1972 मध्ये आपली फौज परत आली होती. ना खंडणी, ना परगणे.

कुणी म्हणेल, ढाक्याला आपला राजकीय लाभ नव्हता का? होता, भरपूर होता. पाकिस्तानचे दोन तुकडे झाले. लाभ असला म्हणून कृत्य वाईट ठरत नाही. पण लाभाची वसुली सुरू झाली की आपण ज्यांना सोडवायला गेलो तेच वेशीचे दरवाजे लावून घेतात. यापुढे कुठल्याही देशाने कुठेही सैन्य पाठवण्याची बातमी वाचाल, तेव्हा बोलावणारा कोण आणि त्याच्यामागे किती माणसे, पैसा कोण मोजणार, परतायचे कधी, एवढे तरी त्या बातमीत शोधा. कोलंबो करारात फौजेच्या परतीची तारीख नव्हती.