तंबोऱ्याची नवी घोडी

बऱ्याच जुन्या घरांत एक तंबोरा असतो. आजीचा, आत्याचा, नाहीतर सासूबाईंचा. खोळ घालून कपाटामागे उभा केलेला. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू वाहतात आणि पुन्हा वर्षभर तो मुका. ‘आता नीट वाजत नाही हो,’ एवढंच सांगितलं जातं. पण मैत्रिणींनो, अनेकदा दुखणं फक्त घोडीचं असतं.

तबलीवर छोट्या चौरंगासारखी जी पट्टी बसवलेली असते, ती घोडी. काही जण ब्रिजही म्हणतात. चारही तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित गोलाई असते. तार छेडली की ती त्या उतारावर अलगद टेकत-सुटत राहते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. हीच जवारी. सर सी. व्ही. रामन यांनीसुद्धा 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिताना या घोडीचा विचार केला होता.

वर्षानुवर्षं घासून माथ्यावर तारांचे चर पडतात. मग आवाज बसतो, नाहीतर पत्र्यासारखा झणझणतो. चर उथळ असतील तर कानशीने घासून जवारी पुन्हा काढता येते. पण माथा फार पातळ झाला किंवा तडकला की नवी घोडी लागतेच.

माझ्याकडे आलेला आत्याचा तंबोरा असाच होता. एका दुकानात तर, ‘ताई, इलेक्ट्रॉनिकच घ्या ना,’ असा सल्ला मिळाला. मन होईना. पुढे मिरजेचे एक कारागीर दुरुस्तीच्या कामाला नाशिकला आले, त्यांना घरी बोलावलं. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

काकांनी आधी जुन्या घोडीच्या जागेवर पेन्सिलीने खूण केली. तारा एकदम न सोडता थोड्या थोड्या उतरवल्या. नव्या घोडीचे पाय तबलीच्या गोलाईवर तंतोतंत बसायला हवेत, म्हणून तबलीवर काचपेपर पसरून त्यावर ते घासले. खाली फट राहिली तर आवाज भोपळ्यात उतरत नाही. पूर्वी घोडीला हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. आता उंटाचं हाड, शिसवी किंवा फायबर असतं.

घोडी चिकटल्यावर खरं काम सुरू झालं. काकांनी विचारलं, “ताई, गाणार कोण? पट्टी कोणती?”

मी गप्पच. आत्या काळी चारमध्ये गायची. लग्नानंतर माझं गाणं आरत्यांपुरतं उरलेलं. काका म्हणाले, “गाणाऱ्याची पट्टी कळल्याशिवाय जवारी लागत नाही. ज्या सुरात वाजवायचं, त्याच सुरात तारा लावून माथा घासायचा.” मी सा लावून पाहिला. पांढरी पाच निघाली. मग थोडं घासायचं, तार लावायची, ऐकायचं, असं दोन-अडीच तास चाललं. मोकळी, झणकारती जवारी हवी की बंद, गोल आवाजाची, तेही मलाच ठरवायला लावलं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि खर्ज घुमला.

आपल्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर 1931 मध्ये मिरजेतच गेले. घरंदाज मुलींसाठी गाण्याची दारं उघडली, ती त्यांच्यासारख्यांमुळे. ते तंबोरे नुसते पूजेपुरते उरावेत, हे पटत नाही.

तुमच्या घरी तंबोरा असेल तर एवढं बघा :
• माथ्यावर नख फिरवा. चर हाताला लागले तर कारागिराला दाखवा.
• जवारी निघत असेल तर आधी तीच काढून घ्या, घोडी लगेच बदलू नका.
• जुनी घोडी जपून ठेवा, मापाला उपयोगी पडते.
• वाद्य भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा.
• आणि मुख्य म्हणजे, कारागीर यायच्या आधी घरात गाणार कोण ते ठरवा. ‘मी’ म्हणायला वयाची अट नाही.